मोंबाशाचं भाडं

दुर्गे,

आधीच सांगते, शुद्धलेखन बघू नकोस. ऱ्हस्वदीर्घ मला चौथीत जमलं नाही, ते आता चाळिशीत कुठून जमणार? अक्षरही तसंच. ओळ आधी वर चढते आणि मग पडवळासारखी खाली लोंबते. टाक बोटांत नीट बसत नाही, पदराला शाई लागली आहे. तू असतीस तर तांबडी पेन्सील घेऊन बसली असतीस. त्याच भीतीने तू जिवंत असताना तुला एकही पत्र लिहिलं नाही. आता लिहिते. हे कुणाला दाखवायचं नाही, ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी ठेवायचं आहे.

तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. नानांनी वर्तमानपत्रात तुझ्यावर चार ओळी दिल्या. थोरल्या भावाने द्याव्यात तशा नीट दिल्या आहेत. जन्म, ट्रेनिंग, नोकरीची वर्षं, सगळं आहे. मोंबासाही आहे. ‘आफ्रिकेत जाऊन निःस्वार्थ सेवा केली’ असं म्हटलं आहे. ते वाचून मला तुझं बोटीवरचं तोंड आठवलं. निःस्वार्थ सेवा करणारी बाई तीन दिवस घमेल्यात ओकत होती आणि मला सांगत होती, ‘यमू, मी मेले तर मला टाक पाण्यात, पण हजेरीपट टाकू नको गो. कोरा आहे.’

चार ओळींत ते कुठून मावणार?

आपण दोघी एका बाकावर बसायचो. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली, तुझीही सुटली. एका वर्षात दोघींची लग्नं झाली. तुझा नवरा दोन वर्षांत गेला, सासरच्यांनी तुला परत पाठवलं आणि नानांनी तुला पुण्याला ट्रेनिंगला घातलं. तू मास्तरीण होऊन आलीस तेव्हा मी उंबऱ्याआडून तुझ्या हातातल्या पुस्तकांकडे बघत होते. मला तुझा हेवा वाटला, दुर्गे. कपाळावर कुंकू असलेल्या बाईला तुझा हेवा वाटला. हे सांगायचं तरी कुणाला? तुला तर नाहीच.

मिठाचा सत्याग्रह होऊन दोन वर्षं झाली होती. मोंबाशाच्या मराठी मंडळाचं पत्र तुझ्या शाळेत आलं. तिकडे रेल्वेत आणि गोदीत कामाला असलेल्या आपल्या लोकांच्या बायकांना लिहावाचायला शिकवायला कुणी बाई दोनतीन महिने येईल का? पगार नाही, एका माणसाचं भाडं देऊ, राहायला जागा देऊ. तू उन्हाळ्याची सुट्टी आणि वर बिनपगारी रजा घ्यायचं ठरवलंस. नाना म्हणाले, ‘एकटी जायचं नाही. सोबत बाई हवी. तुझ्या स्वैपाकाचंही बघेल.’

तू तडक माझ्याकडे आलीस. मी चूल पेटवत होते.

‘यमू, चल.’

‘कुठे?’

‘आफ्रिकेत.’

‘वेड लागलंय का तुला?’ मी म्हटलं. मी रत्नागिरीच्या बाजारात एकटी जायला लाजणारी बाई. पण तू सासूबाईंशी बोललीस, मुंबईला पेढीवर ह्यांना पत्र घातलंस. ह्यांचं उत्तर आलं, ‘जाऊ दे. पण भाडं मला झेपणार नाही.’ मग नानांकडे ठेवलेल्या तुझ्या पैशांतून तू माझं भाडं काढलंस. जाऊन येऊन एकशे बारा रुपये. तेव्हा ते कर्ज आहे असं तू म्हणाली नाहीस आणि मीही म्हणाले नाही.

बंदरावर बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसताना मी तुझा पदर घट्ट धरला होता. मुंबईला मोठी आगबोट. आपण डेकवरचे उतारू, सतरंजीएवढी जागा, डोक्यावर ताडपत्री. शेजारी एक गुजराती कुटुंब होतं, त्यांच्या लोणच्याच्या वासाने तुला जास्तच मळमळायचं. चौथ्या दिवशी तू उठून बसलीस, माझ्या हातचा मऊभात आणि मेतकूट खाल्लंस आणि लगेच मला नकाशा काढून दाखवायला लागलीस. मला नकाशा कळला नाही. चोहीकडे नुसतं पाणी, आणि त्या पाण्यात आपल्याला कुणीही ओळखत नाही, हे मात्र कळलं. मी डोक्यावरचा पदर पडला तरी तसाच राहू दिला होता. तू बघितलंस आणि पुन्हा नकाशात डोकं घातलंस.

मोंबासा बघून मला हसू आलं होतं, आठवतं? इतके दिवस पाण्यातून गेलो आणि समोर माड, आंबे, फणस, केळी! ‘दुर्गे, बोट फिरून आपल्या मालगुंडाला आली वाटतं,’ मी म्हटलं. फक्त दगड वेगळा. आपला जांभा तांबडा, तिकडचा दगड पांढरा आणि भोकाभोकांचा. आणि ऐन वैशाखात पाऊस. काळ्या बुरख्यातल्या तिकडच्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन, आपल्या मासेवालींसारख्याच ताठ चालत. मला त्या आवडल्या. मी खिडकीतून बघत बसायची.

आता त्या हजेरीपटाचं.

मंडळाच्या दिवाणखान्यात तू फळा लावलास, बाकं मांडलीस. पहिल्या दिवशी वीसएक बायका नटूनथटून आल्या. मंडळाचे चिटणीस टोपी घालून दाराशी खुर्चीवर बसले. मी मागे भिंतीला टेकून होते. तू टेबलाशी हजेरीपट उघडून म्हणालीस, ‘एकेकीने उठून पूर्ण नाव सांगायचं. आपलं, नवऱ्याचं, आडनाव.’

पहिली उठली ती बुरोंडीकडची बायो. रेल्वेतल्या सुताराची बायको, आवाज असा की गोदीपर्यंत जाईल. ती म्हणाली, ‘बायो.’ आणि थांबली.

‘पुढे?’

‘त्यांचंच.’

‘त्यांचं म्हणजे कुणाचं?’

‘आमच्या ह्यांचं.’

‘पण ह्यांचं नाव काय?’

बायोने पदर तोंडात धरला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. चिटणीसही हसले. तू टेबलावर रूळ आपटलास. ‘नवऱ्याचं नाव माहीत नाही तुम्हांला?’ एक वयस्क बाई उठल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी तिघी आल्या. तिसऱ्या दिवशी कुणीच नाही. तू रोज जायचीस, तासभर रिकाम्या बाकांसमोर बसायचीस आणि परत येऊन म्हणायचीस, ‘आपल्या बायकांना शिकायचंच नाही.’

मला कारण ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. का नाही, ते पुढे लिहिते.

त्याच आठवड्यात बायो आपल्या स्वैपाकघराच्या दाराशी आली. हातात दोन कैऱ्या. तू वर्गावर गेली होतीस. मी परातीत तांदळाचं पीठ घेऊन भाकऱ्यांना बसणार होते, पण त्याआधी ह्यांचं पत्र पुन्हा एकदा वाचत होते.

‘तुला वाचता येतं?’ बायो म्हणाली.

‘थोडं. चौथीपर्यंत.’

तिने कमरेतून एक जुनं पाकीट काढलं. ‘ह्याच्यावर त्यांचं नाव हाय ना? कुठलं ता दाखव.’

मी बोट ठेवलं. सखाराम.

तिने त्यावरून बोट फिरवलं. ‘एवढासाच? घरात केवढा आरडाओरडा, आन् हितं चार अक्षरं!’ मग हळूच म्हणाली, ‘घ्यायचं नाय, ता ठाव हाय. पण काढायला काय हरकत हाय गो?’

मी विचार केला. नाव घेऊ नये असं आईने सांगितलं होतं. लिहू नये असं कुणीच सांगितलं नव्हतं. बायकांना लिहिता येईल असं कुणाला वाटलंच नसेल. मी परात पुढे केली. पीठ हाताने सारखं केलं. ‘काढ.’

तिने पाकीट बघून बोटाने काढलं. स अगदी खेकड्यासारखा झाला. पुन्हा काढायचा म्हणून मी पीठ सारखं करायला हात पुढे केला, तर ती केवढ्याने ओरडली, ‘पुसू नको! नवऱ्याचं नाव हातानं पुसतेस?’

माझाही हात तिथेच थांबला. कुंकू पुसल्यासारखंच ते. दोघी परातीकडे बघत बसलो. भाकऱ्या तर करायच्याच होत्या. शेवटी मी त्यात आधणाचं पाणी ओतलं, मळलं आणि भाकरी थापली. पुसलं नाही, मळलं. बायोने ती गरमगरम भाकरी कैरीच्या चटणीशी खाल्ली आणि म्हणाली, ‘रोज ते माझं डोकं खातात. आज मीच त्यांना खाल्लं!’

दुसऱ्या दिवशी ती तिघींना घेऊन आली. प्रत्येकीच्या कमरेला पाकीट आणि ओच्यात मूठभर पीठ. आठ दिवसांत चौदा जणी झाल्या. मला शिकवायला येत नव्हतं गो. मी नुसतं दाखवत होते. सखारामातला म घेतला की त्याचं माहेर करायचं, मासा करायचा, मग स घेऊन सासर. चुकलं की मळायचं. भाकऱ्या इतक्या झाल्या की तू जेवताना म्हणालीस, ‘आज पुन्हा भाकरी? भात का नाही?’ मी खाली मान घालून वाढत राहिले.

मग एक दिवस तू लवकर आलीस. दारातून बघितलंस. चौदा बायका, परातीच पराती, आणि सगळ्या हसत होत्या. ज्या बायका तुझ्या बाकांवर बसल्या नाहीत त्या माझ्या चुलीशी बसल्या होत्या. बायोनेच तोंड उघडलं. ‘बाई, रागावू नका. चारचौघींत, बाप्याच्या देखत नवऱ्याचं नाव कसं घेणार आमी?’

तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही. तू बायोकडे नाही, माझ्याकडे बघितलंस.

‘तुला माहीत होतं?’

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

‘माहीत होतं आणि मला सांगितलं नाहीस? मी रोज तिथे जाऊन रिकाम्या बाकांसमोर बसते, ते बघत होतीस?’ आणि मग सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘यमू, मी तुला स्वैपाकाला आणलंय. शाळा काढायला नाही.’

बायका उठून गेल्या. मी पीठ झाकलं. तू पुन्हा विचारलंस, का नाही सांगितलंस? माझ्या तोंडून भलतंच निघालं. ‘तुझं भाडं फेडीन मी. पैन्‌पै फेडीन.’ तू म्हणालीस, ‘फेड.’

दुर्गे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं ते आज देते. बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये ही गोष्ट पाळायला तुला दोन वर्षंच मिळाली. त्यानंतर पाळायला कुणी उरलंच नाही. म्हणून तू विसरलीस. तुला ते सांगायचं म्हणजे त्या माणसाची आठवण करून द्यायची. ती मी कुठल्या तोंडाने देऊ? मी तुझी फजिती बघत नव्हते गो. मला शब्द सापडत नव्हते. पाचसहा वर्षं झाली, तरी सापडले नाहीत. आता कागदावर सापडले, तर तू नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका भीतभीत आल्या. तू पाट घेऊन आलीस आणि चुलीपासून दूर, उंबऱ्याशी बसलीस. घसा साफ केलास. ‘तुमच्यापैकी कुणाच्या यजमानांच्या नावात जोडाक्षर आहे?’

‘माज्या,’ एक विठ्ठलाची बायको म्हणाली.

‘मग तुम्ही माझ्याकडे या. यमूला जोडाक्षरं येत नाहीत.’

मला राग आला आणि हसूही आलं. आणि खरंच, तू त्या बाईला ठ्ठ असा शिकवलास की आजही मी तो तसाच काढते. त्यानंतर दोन महिने तसंच चाललं. आधीचं मी, पुढचं तू. आपण त्यावर एक अक्षर बोललो नाही. निघायच्या आधी सतरा जणींनी घरी स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली. बायोने आईला लिहिलं ते मी पाठ केलं आहे. ‘आतापर्यंतची पत्रं ह्यांनी लिहीली, त्यात मी कायम खुशाल होते. आता मी लिहीते. मागे ताप आला होता, फार रडले, आता बरी आहे.’ ते वाचताना तू तांबडी पेन्सील उचललीस आणि पुन्हा खाली ठेवलीस.

शेवटच्या आठवड्यात मंडळाने आपल्याला आगगाडीने आत फिरवून आणलं. खिडकीतून पट्ट्यापट्ट्यांची गाढवं दिसली. मग तो उंच मानेचा प्राणी झाडाचा शेंडा खात उभा होता. तू मला त्याचं इंग्रजी नाव सांगत होतीस, तोवर तो मागे गेला. ‘नाव राहू दे गो, बघ तरी,’ मी म्हटलं. तू हसलीस आणि नंतर मुंबईपर्यंत मला काहीसुद्धा शिकवलं नाहीस. खवळलेल्या समुद्रात दोघी एकाच घोंगडीत बसून नुसतं बघत आलो. तो प्रवास मला सगळ्यात गोड वाटतो. पावसाळ्यात किनाऱ्याची बोट बंद, म्हणून कोल्हापूरला आगगाडीने आणि पुढे आंबा घाटातून मोटारीने आलो. मोटारीत पाणी गळत होतं आणि तू गात होतीस. तू गायचीस हे वर्तमानपत्रात नाही.

शाळेत तुझं व्याख्यान झालं. तू पिठाच्या परातीची हकीकत सांगितलीस, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी म्हणालं, ‘काय युक्ती काढलीत बाई!’ तू नजरेने बायकांत बसलेल्या मला शोधलंस. मी खांबाआड झाले. तू माझं नाव घेतलं असतंस तर मी उठून पळालेच असते, आणि तुला ते ठाऊक होतं. घेतलं नाहीस म्हणून मात्र मी कितीतरी दिवस मनात कुढत राहिले. दोन्ही खरं आहे.

मग मी फेडायला लागले. उन्हाळ्यात आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी करायची, ओळखीच्या माणसाबरोबर मुंबईला विकायला धाडायची. कधी दोन रुपये, कधी तीन. मला वाटलं होतं, पहिल्या खेपेला तू म्हणशील, ‘अगो, ठेव ते.’ तू चष्मा लावलास, मोजलेस, वहीत लिहिलंस. दुसऱ्या खेपेलाही तसंच. पगार घेणारी बाई माझ्या आमसुलांचे पैसे मोजून घेते, म्हणून मी घरी येऊन रडले. ह्यांची पेढी बंद पडली आणि हे वर्षभर घरी बसले, तेव्हा मी सगळी लाज गिळून तुला म्हटलं, ‘दुर्गे, राहिलेले सोड आता.’

‘थांबेन हवं तितकं,’ तू म्हणालीस. ‘सोडणार नाही.’

त्या पावसाळ्यात मी तुझ्याकडे फिरकले नाही. गणपतीत तूच आलीस, काही झालंच नाही अशी पानावर बसलीस, पाच मोदक खाल्लेस, आणि सारण जरा कमी गोड आहे म्हणालीस. तुझ्याशी नीट भांडणसुद्धा करता यायचं नाही.

तुझ्या दुखण्यात मी आले होते. खोलीत डॉक्टर होते, नाना होते, आणखी दोघे पुरुष होते. मी दाराशीच उभी राहिले. तू मान वळवून विचारलंस, ‘आमसुलं वाळली का गो?’ मी नुसती मान हलवली. आत यायला हवं होतं. तुझ्या कपाळावर हात ठेवायला हवा होता. पुरुष उठतील, मग जाऊ, असं म्हणत उभी राहिले. ते उठले तेव्हा तुला झोप लागली होती. याची क्षमा मागते. बाकी कशाची मागत नाही.

तू गेलीस तेव्हा नऊ रुपये राहिले होते. काल दुपारी ते घेऊन नानांकडे गेले. नाना झोपाळ्यावर बसले होते. मी खाली बघत रुपये त्यांच्यासमोर ठेवले.

‘हे कसले गो यमू?’

‘दुर्गीचे. मोंबाशाच्या भाड्यातले राहिलेले.’

‘वेडी आहेस का तू?’ नाना मायेनेच म्हणाले. ‘ती गेली, तिच्याबरोबर ते संपलं. आणि तुला कसलं भाडं? तू तिच्या सोबतीला गेलीस, तीन महिने तिला रांधून घातलंस. स्वैपाकाला नेलेल्या बाईकडून कुणी भाडं घेतं का? दुर्गी हिशेबी होती म्हणून घेत बसली. उचल ते.’

मी उचलले नाहीत. जन्मात मी नानांकडे वर मान करून बघितलेलं नाही. काल बघितलं.

‘नाना, मी रांधायला गेले नव्हते. शिकवायला गेले होते. जोडाक्षरं दुर्गी शिकवायची. त्याच्या आधीचं सगळं मी शिकवलं.’

माझा आवाज एवढा मोठा झाला की आतून वैनी बाहेर आल्या. नानांनी पाय टेकून झोपाळा थांबवला.

‘मला ती हे कधी बोलली नाही.’

‘नाही बोलली,’ मी म्हटलं. ‘पण भाडं घेत होती.’

नाना उठले. आतून तुझी वही आणली, माझं पान काढलं आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेले. मग रुपये एकेक करून मोजले. मी मोजून होईपर्यंत उभी होते. नऊ झाल्यावर त्यांनी ते वहीत लिहिले, खाली आडवी रेघ मारली आणि म्हणाले, ‘एकशे बारा. फिटले सगळे.’